आधी वाहिनी की आधी केंद्र? : भारतीय वीजपारेषणाच्या नियोजनाचा इतिहास आणि नियोजन-संहितेचे चार 'अर्थ'

(१)

वीज निर्माण करणारे केंद्र आणि ती वाहून नेणारी वाहिनी यांपैकी आधी कोणाची उभारणी व्हावी, हा प्रश्न वरवर पाहता अभियंते आणि अर्थतज्ज्ञ यांच्या कक्षेतला आहे. वाहिनी आधी बांधली आणि केंद्र आलेच नाही, तर मनोऱ्यांवरच्या तारा वर्षानुवर्षे जवळजवळ रिकाम्या राहतात आणि त्यांचा खर्च कोणाला तरी सोसावा लागतो. केंद्र आधी उभे राहिले आणि वाहिनी मागे पडली, तर तयार वीज जागच्या जागी अडते. मोठ्या प्रमाणावर वीज साठवणे दीर्घकाळ अशक्यप्राय होते आणि आजही ते खर्चिक आहे. त्यामुळे या क्रमात झालेली चूक धान्याच्या कोठारासारखी सावकाश निस्तरता येत नाही. तथापि, हा क्रम ठरवणे म्हणजे अद्याप अस्तित्वात नसलेल्या गोष्टीवर किती विश्वास ठेवायचा आणि तो विश्वास खोटा ठरल्यास नुकसान कोणाच्या पदरात टाकायचे, हे ठरवणे होय. हा निर्णय आकड्यांइतकाच भाषेतही घेतला जातो.

करार, पंचवार्षिक योजना, जोडणीसाठीचा अर्ज, नियामक आयोगाचा आदेश, वर्तमानपत्रातील जाहीर सूचना या साऱ्या गद्यसंहिताच आहेत. त्यांचा विषय भविष्यकाळ असतो; त्यांचा वाचकवर्ग ठरलेला असतो; आणि त्या ज्यांच्याविषयी बोलतात ते बहुधा त्यांचे वाचक नसतात. जर्मन इतिहासकार राइनहार्ट कोझेलेक यांनी 'अनुभवाचा अवकाश' आणि 'अपेक्षेचे क्षितिज' या संज्ञांच्या आधारे आधुनिक काळाची जाणीव स्पष्ट केली. हान्स रॉबर्ट याउस यांच्यामुळे अपेक्षाक्षितिजाची संकल्पना साहित्याच्या अभ्यासकांना वाचकाच्या संदर्भात परिचित आहे. वीजनियोजनाच्या दस्तऐवजांत हे क्षितिज मेगावॅटमध्ये मोजलेले असते, एवढाच फरक.

मराठी व्याकरणात क्रियापदाचे चार 'अर्थ' सांगितले जातात : स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ. भारतातील वीजपारेषणाच्या सव्वाशे वर्षांच्या इतिहासाचे टप्पे या चार अर्थांच्या आधारे वाचता येतात, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे. प्रत्येक टप्प्यात केंद्र आणि वाहिनी यांचा क्रम बदलला. त्याबरोबर दस्तऐवजाचे क्रियापद बदलले. आणि जोखमीचा धनीही बदलला.

(२)

प्रथम शब्दांविषयी. 'ग्रिड' हा शब्द भारतीय भाषांनी जवळजवळ जसाच्या तसा स्वीकारला. ब्रिटनमध्ये १९२६च्या वीजपुरवठा कायद्याने केंद्रीय वीज मंडळ स्थापन झाले आणि पुढील काही वर्षांत १३२ किलोव्होल्ट वाहिन्यांचे देशव्यापी जाळे उभे राहिले. 'ग्रिड' ही संज्ञा तेथून आपल्याकडे आली. मराठीत 'वीजजाळे' असा पर्याय आहे, पण 'जाळे' या शब्दाला अडकण्याची छटा आहे. व्यवहारात 'ग्रिड'च टिकले.

'पारेषण' हा मात्र घडवलेला शब्द. 'प्रेषण' या ओळखीच्या शब्दाच्या शेजारी बसणारा आणि 'पार' नेण्याची छटा असलेला हा शब्द हिंदी आणि मराठी यांच्या प्रशासकीय परिभाषेत समान आहे. कन्नडमध्ये याच अर्थी 'प्रसरण' हा शब्द आहे, जो मराठी वाचकाला पसरण्याची, फैलावण्याची कल्पना देतो. बांगलादेशातील बंगालीत 'संचालन' म्हणतात. मराठीत तो शब्द कारभाराकडे झुकतो. एकाच संस्कृत भांडारातून उचललेल्या या शब्दांत तीन वेगळ्या प्रतिमा आहेत : पलीकडे पोहोचवणे, पसरणे आणि चालवणे. पारेषणाच्या नियोजनात या तिन्ही गोष्टी कराव्या लागतात, आणि त्यांपैकी कोणती आधी, यावरच वाद होतात.

लोकभाषा या परिभाषेपासून दूर राहिली. कागदावर 'रोहित्र' असले, तरी गावात 'डीपी जळाली' असेच म्हणतात. 'अतिउच्चदाब वाहिनी' म्हणजे 'टॉवरची लाइन' किंवा 'हायटेन्शन'. वीजटंचाईच्या काळात 'लोडशेडिंग'साठी रूढ झालेला 'भारनियमन' हा शब्द तर विशेष विचार करण्याजोगा आहे. इंग्रजी शब्दात ओझे टाकून देण्याची निदान कबुली आहे. मराठी शब्दाने त्या अभावाला शिस्तीचे रूप दिले. नियोजनाची भाषा आणि नियोजनाचा अनुभव यांतील हे अंतर पुढे वारंवार दिसेल.

(३)

भारतातील दीर्घ पल्ल्याच्या पारेषणाचा आरंभ १९०२ मध्ये म्हैसूर संस्थानात झाला. कावेरीवरील शिवनसमुद्र येथील जलविद्युत केंद्रातून सुमारे ९२ मैलांवरील कोलार येथील सोन्याच्या खाणींना वीज पोहोचवण्यात आली. त्या काळी जगातील अत्यंत लांब वाहिन्यांत तिची गणना होई. येथे केंद्र आधी की वाहिनी आधी, हा प्रश्नच उद्भवला नाही. ग्राहक ठरलेला होता, करार झालेला होता. केंद्र आणि वाहिनी ही एकाच व्यवहाराची दोन टोके होती. वाटेतल्या गावांना त्या तारांचा उपयोग नव्हता. बंगळूर शहरात वीज आली तीही १९०५ मध्ये, म्हणजे खाणींच्या नंतर.

मुंबई इलाख्यातील टाटांची जलविद्युत योजना याच घडणीची. १९१० मध्ये कंपनी स्थापन झाली आणि १९१५ मध्ये खोपोली येथील केंद्रातून मुंबईच्या कापडगिरण्यांकडे वीज जाऊ लागली. लोणावळ्याच्या परिसरात पाणी अडवायचे, घाटाखाली वीज निर्माण करायची आणि ती थेट गिरणगावाला पुरवायची, अशी ही एकसंध योजना होती. पुढे भिवपुरी (१९२२) आणि भिरा (१९२७) ही केंद्रे तिला जोडली गेली. भिऱ्याच्या केंद्रासाठी मुळशी येथे धरण बांधण्याचे ठरले आणि १९२१ पासून सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली मुळशीच्या मावळ्यांचा सत्याग्रह झाला. धरणग्रस्तांच्या संघटित प्रतिकाराचे हे आपल्याकडील अगदी आरंभीचे उदाहरण म्हणून अभ्यासले जाते. विजेच्या इतिहासाच्या दृष्टीनेही त्याचे मोल आहे : वीज घेणारे शहर आणि वीजेसाठी जमीन देणारा मुलूख हे दोन निराळे समाज आहेत, ही गोष्ट येथे प्रथमच मराठीत, जाहीरपणे आणि मोठ्या आवाजात बोलली गेली.

या कालखंडाचे क्रियापद स्वार्थी आहे. हा शब्द येथे व्याकरणाच्या अर्थानेच घ्यावयाचा. करार 'आहे' असे सांगतो : अमुक इतकी अश्वशक्ती, अमुक दर, अमुक मुदत. जोखीम भांडवल घालणाऱ्याची आणि खरेदीदाराची. या दोघांपलीकडचा तिसरा पक्ष, ज्याच्या जमिनीवरून तारा जातात किंवा ज्याची जमीन पाण्याखाली जाते, तो करारात नामनिर्दिष्ट नसतो.

(४)

वाहिनीचा विचार एका करारापलीकडे नेऊन संपूर्ण प्रदेशाच्या संदर्भात करावा, ही कल्पना भारतात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शासकीय पातळीवर आकार घेऊ लागली. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रम खात्याचे सदस्य असलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे विद्युतशक्तीचा विषय होता. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी सार्वजनिक बांधकाम व विद्युतशक्तीविषयक धोरण समितीसमोर केलेल्या भाषणात त्यांनी स्वस्त आणि मुबलक विजेवाचून औद्योगिकीकरण शक्य नाही आणि औद्योगिकीकरणावाचून शेतीवर अवलंबून असलेल्या लोकसंख्येची दारिद्र्यातून सुटका नाही, अशी कार्यकारणाची साखळी मांडली. या मांडणीत वीज ही विकाऊ वस्तू राहत नाही. ती सामाजिक मुक्तीची पूर्वअट होते. पूर्वअट म्हटली की क्रम आलाच : वीज आधी, उद्योग मागाहून. म्हैसूर आणि मुंबई येथे ग्राहक आधी होता. आता पुरवठा आधी करून ग्राहक घडवायचा होता. आंबेडकरांच्या आर्थिक लेखनाचा मराठीत पुष्कळ विचार झाला आहे. त्यात विजेविषयीच्या या भाषणांना मिळाले आहे त्याहून अधिक लक्ष मिळावयास हवे.

स्वातंत्र्यानंतर १९४८चा वीजपुरवठा कायदा संमत झाला, तेव्हा बांधकाम, खाणी व विद्युतशक्ती हे खाते काकासाहेब गाडगीळ यांच्याकडे होते. या कायद्याने राज्य वीज मंडळांची आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाची तरतूद केली. १९६४ मध्ये देशाचे पाच विद्युत प्रदेश कल्पून प्रादेशिक मंडळे स्थापन करण्यात आली. १९७५ मध्ये राष्ट्रीय औष्णिक विद्युत महामंडळ स्थापन झाले आणि सिंगरौली, कोरबा, रामगुंडम अशा कोळशाच्या मुखाशी मोठी केंद्रे उभी करण्याचे धोरण आले. अशा केंद्राची वीज अनेक राज्यांनी वाटून घ्यायची असल्याने 'संलग्न पारेषण' हे तत्त्व रूढ झाले : केंद्राच्या मंजुरीबरोबरच त्याच्या वाहिन्यांची मंजुरी. १९८९ मध्ये पारेषणासाठी स्वतंत्र महामंडळ निर्माण करण्यात आले. 'पॉवरग्रिड' हे त्याचे आजचे नाव १९९२ पासूनचे.

या टप्प्यात केंद्र आणि वाहिनी ही जुळी भावंडे होती. त्यांना जन्म देणारी संस्था एकच, म्हणजे योजना. योजनेचे क्रियापद विध्यर्थी असते : इतकी क्षमता उभारली जावी, इतकी गावे विजेखाली यावीत. विध्यर्थात कर्तव्य असते, इच्छा असते आणि शक्यताही असते. तिन्ही एकाच प्रत्ययात मावतात. म्हणूनच योजनेचे उद्दिष्ट हुकले तरी वाक्य खोटे ठरत नाही, ते पुढच्या योजनेत पुन्हा लिहिले जाते. जोखीम सार्वजनिक होती, म्हणजे करदात्यावर आणि वीजग्राहकावर विखुरलेली. वाहिनी उशिरा झाली, तरी कोणी कोणावर दावा लावत नसे, कारण दोन्ही बाजूंना शासनच होते.

प्रदेशांना जोडण्याचे काम या काळात सावधपणे झाले. १९८९ मध्ये विंध्याचल येथे पश्चिम आणि उत्तर हे प्रदेश एकदिश प्रवाहाच्या दुव्याने जोडले गेले. १९९७ मध्ये चंद्रपूर-रामगुंडम दुव्याने पश्चिम आणि दक्षिण. अशा दुव्यातून वीज जाते, पण दोन्ही बाजूंची वारंवारिता स्वतंत्र राहते. दोन घरांमध्ये भिंत कायम ठेवून खिडकी उघडावी तसे ते होते. चंद्रपूरची वीज ७५२ किलोमीटरवरील पडघ्यापर्यंत आणणारी महाराष्ट्राची एकदिश वाहिनी १९९९ची. विदर्भातील कोळसा आणि मुंबई परिसराची मागणी यांतील अंतर या एका आकड्यातून कळते, आणि त्या अंतराभोवतीचे राजकारणही.

(५)

२००३च्या विद्युत कायद्याने ही जुळी भावंडे वेगळी केली. औष्णिक केंद्र उभारण्यासाठी परवान्याची अट गेली. पारेषण मात्र परवान्याच्या आणि केंद्रीय नियोजनाच्या कक्षेत राहिले. महाराष्ट्रात २००५ मध्ये वीज मंडळाचे विभाजन होऊन निर्मिती, पारेषण आणि वितरण यांच्या स्वतंत्र कंपन्या झाल्या. आता नियोजनकारासमोर अपूर्व अडचण उभी राहिली. केंद्र कोण, कोठे आणि केव्हा बांधणार हे त्याच्या हाती राहिले नाही. पण त्या केंद्रासाठी वाहिनी वेळेवर तयार ठेवण्याची जबाबदारी मात्र राहिली. कोळशाचे केंद्र उभारायला चार-पाच वर्षे लागत आणि मोठी वाहिनी मार्गी लागायलाही जवळपास तितकाच काळ. म्हणजे केंद्राची पहिली वीट पडण्यापूर्वी वाहिनीचा निर्णय व्हावयास हवा होता.

यावर काढलेला तोडगा अर्जाचा. केंद्रीय वीज नियामक आयोगाच्या २००९च्या विनियमांनुसार वीजनिर्माता दीर्घकालीन प्रवेशासाठी अर्ज करू शके. ग्राहक निश्चित नसल्यास 'लक्ष्य प्रदेश' सांगितला तरी चाले, आणि बांधकामकाळासाठी प्रति मेगावॅट ५ लाख रुपयांची बँक हमी द्यावी लागे. छत्तीसगढ, ओडिशा, झारखंड, तमिळनाडूचा किनारा अशा ठिकाणांहून अर्जांची रीघ लागली. त्यांच्या आधारे उच्च क्षमतेच्या पारेषण-मार्गिकांची आखणी झाली. २०१० पासून आयोगाने अशा अकरा मार्गिकांना मान्यता दिली.

अर्जाचे क्रियापद संकेतार्थी असते : कोळसा मिळाला तर, ग्राहक मिळाला तर, कर्ज मिळाले तर केंद्र उभे राहील. अर्जदार स्वतः या 'तर'वर जगत होता. नियोजनकाराने मात्र असे शेकडो संकेतार्थ एकत्र करून त्यांचे एक स्वार्थी विधान केले : वाहिनी बांधली जात आहे. साहित्याच्या अभ्यासकाला ही भाषांतराची समस्या म्हणून ओळखता येईल. मूळ संहितेतील शंका लक्ष्य संहितेत पोहोचलीच नाही.

पुढे काय झाले ते सर्वज्ञात आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये २१४ कोळसा खाणपट्ट्यांचे वाटप रद्द केले. मागणी अपेक्षेइतकी वाढली नाही आणि वितरण कंपन्यांनी दीर्घ मुदतीचे नवे करार करणे टाळले. २०१८ मध्ये संसदेच्या ऊर्जाविषयक स्थायी समितीने विचारात घेतलेल्या संकटग्रस्त औष्णिक प्रकल्पांची संख्या ३४ होती आणि त्यांची क्षमता ४०,१३० मेगावॅट. अनेक अर्जदारांनी मागितलेला प्रवेश सोडून दिला. त्यांनी दिलेली हमी आणि त्यांच्यासाठी झालेला खर्च यांत मोठी तफावत होती. परित्यागाचे शुल्क कसे मोजावे हा वाद वर्षानुवर्षे चालून २०१९ मध्ये आयोगाने त्यावर सविस्तर आदेश दिला. अडकून पडलेल्या क्षमतेला परिभाषेत 'स्ट्रँडेड' म्हणतात. गाळात रुतलेल्या जहाजाची ही प्रतिमा नेमकी आहे; फरक इतकाच, की या जहाजाचे भाडे किनाऱ्यावरचे लोक भरतात.

परंतु यावरून 'वाहिन्या फार झाल्या' असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. याच वर्षांत देशात इतरत्र वाहिन्यांची तूट होती. ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी लागोपाठ दोनदा ग्रिड कोसळले. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य या तीन प्रदेशांत, म्हणजे ६० कोटींहून अधिक लोकवस्तीच्या भागात अंधार झाला. दोन्ही घटनांचा आरंभ बीना-ग्वाल्हेर-आग्रा या मार्गावर झाला. त्या मार्गाची दुसरी वाहिनी ७६५ किलोव्होल्टपर्यंत क्षमता वाढवण्याच्या कामासाठी बंद होती. उद्याच्या वाढीसाठी आजची एक वाट बंद ठेवावी लागते, ही नियोजनाची अटळ विसंगती या घटनेत दिसते. चौकशी समितीने कमकुवत झालेले आंतरप्रादेशिक मार्ग, जादा वीज उचलणे आणि संरक्षण-यंत्रणेची वर्तणूक अशी अनेक कारणे एकत्रितपणे नोंदवली. दक्षिण प्रदेश त्या वेळी स्वतंत्र वारंवारितेवर असल्याने वाचला. त्याच दक्षिणेत मात्र अपुऱ्या मार्गिकांमुळे वीज बाजारात इतरत्रांपेक्षा महाग मिळत होती.

३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी कार्यान्वित होऊन दक्षिण प्रदेश उर्वरित देशाशी एकाच वारंवारितेवर जोडला गेला. हा सांधा सोलापूरला जुळावा, हे तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला अर्थपूर्ण वाटेल. मराठी, कन्नड आणि तेलुगू एकाच बाजारात बोलल्या जाणाऱ्या या शहरात भाषांचे ग्रिड तारांच्या कितीतरी आधीपासून जोडलेले आहे. तेथे मात्र प्रत्येकाची वारंवारिता आपापली राहिली आहे.

(६)

सूर्य आणि वारा यांच्यापासून मोठ्या प्रमाणावर वीज मिळू लागल्यावर हा प्रश्न पुन्हा नव्याने मांडावा लागला. सौर केंद्र दीड-दोन वर्षांत उभे राहू शकते. तिची वीज वाहून नेणारी वाहिनी जमीन, जंगल आणि परवानग्या यांतून वाट काढत त्याहून अधिक काळ घेते. आता वाहिनी आधी असणे हा पर्याय राहिला नाही. ती आवश्यकता झाली. कोळसा रेल्वेने हलवता येतो. ऊन आणि वारा जेथे आहेत तेथेच केंद्र न्यावे लागते. त्यामुळे केंद्र कोणाचे हे माहीत नसले, तरी ते कोठे येईल हे मात्र बऱ्याच निश्चितीने सांगता येते. नियोजनाचा आधार अर्जदाराकडून भूगोलाकडे सरकला.

या विचाराचे परदेशातील प्रसिद्ध उदाहरण टेक्ससचे आहे. तेथे पश्चिमेकडील पठारावर वारा होता, शहरे पूर्वेकडे होती. वाहिनी नाही म्हणून कोणी पवनचक्क्या उभारीना आणि पवनचक्क्या नाहीत म्हणून वाहिनीला मंजुरी मिळेना. २००५च्या कायद्याने ऊर्जाक्षेत्रे आधी घोषित करण्याची तरतूद केली, २००८ मध्ये आराखडा निवडला गेला आणि २०१४च्या आरंभापर्यंत सुमारे ३,६०० मैलांच्या वाहिन्या पूर्ण झाल्या. सुमारे ७०० कोटी डॉलरचा खर्च राज्यातील सर्व ग्राहकांवर विभागला गेला. पवनचक्क्या आल्या. तारा रिकाम्या राहिल्या नाहीत. उलट काही वर्षांत त्या अपुऱ्या पडू लागल्या.

भारतात 'हरित ऊर्जा मार्गिका' या नावाने असा आराखडा २०१२ मध्ये तयार झाला. त्यातील राज्यांतर्गत भागाला २०१५ मध्ये मंजुरी मिळाली. महाराष्ट्रासह आठ राज्ये त्यात होती आणि सुमारे ९,७०० सर्किट किलोमीटर वाहिन्यांचे उद्दिष्ट होते. काही राज्यांत मुदत पुन्हा पुन्हा वाढवावी लागली. जानेवारी २०२२ मध्ये १२,०३१ कोटी रुपयांच्या दुसऱ्या टप्प्याला मान्यता देण्यात आली. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या समितीने २०३० पर्यंत ५०० गिगावॅट बिगरजीवाश्म क्षमता सामावून घेण्यासाठी ५०,८९० सर्किट किलोमीटर वाहिन्या आणि २.४४ लाख कोटी रुपये अशी आखणी मांडली. ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजूर झालेली लडाखची मार्गिका तर ७१३ किलोमीटरची आहे. पांगच्या पठारावरील १३ गिगावॅट केंद्रांची वीज ती हरियाणातील कैथलपर्यंत आणणार आहे. दरम्यान २०२२च्या विनियमांनी 'लक्ष्य प्रदेश' ही कल्पनाच मोडीत काढली. वीज कोठून कोठे जाणार हे न सांगता ग्रिडमध्ये किती प्रवेश हवा एवढेच सांगावे, अशी 'सर्वसाधारण प्रवेशा'ची पद्धत २०२३ पासून आली.

या संहितांचे क्रियापद पुन्हा स्वार्थी आहे, पण भविष्यकाळातले : क्षमता येईल, वाहिनी लागेल. अर्जातील 'तर' गळून पडला आहे. भूगोलाचा आधार असल्याने हे विधान कोळशाच्या काळापेक्षा खचितच अधिक भक्कम आहे. तरीही दोन्ही दिशांनी चूक होऊ शकते. २०२५ मध्ये राजस्थानात तयार सौर प्रकल्पांना दुपारच्या वेळी निर्मिती कमी करावी लागली, कारण नियोजित वाहिन्या वेळेत पूर्ण झाल्या नव्हत्या. म्हणजे 'वाहिनी आधी' हे तत्त्व कागदावर मान्य होऊनही प्रत्यक्षात वाहिनीच मागे पडली. याचे कारण जमिनीवर शोधावे लागते.

(७)

मनोरा उभारण्यासाठी जमीन संपादित करावी लागत नाही, ही भारतीय पारेषणाची एक वैशिष्ट्यपूर्ण कायदेशीर बाजू. १८८५च्या तार कायद्याने तारयंत्राच्या तारा कोणाच्याही जमिनीवरून नेण्याचा अधिकार शासनाला दिला. मालकी जमीनधारकाचीच राहील, वापराचा हक्क तेवढा घेतला जाईल आणि नुकसान झाल्यास भरपाई दिली जाईल, असे तत्त्व त्यात होते. वीजविषयक कायद्यांनी पुढे हेच अधिकार वीजवाहिन्यांना लागू करण्याची सोय केली. २००३च्या कायद्याचे १६४वे कलम त्याच परंपरेतले. तारयंत्राच्या खांबासाठी लिहिलेले वाक्य ७६५ किलोव्होल्टच्या मनोऱ्यापर्यंत पोहोचले. संहितेचे आयुष्य तिच्या मूळ संदर्भाहून किती लांब असू शकते, याचे याहून ठळक उदाहरण क्वचित सापडेल.

जुन्या व्यवस्थेत भरपाई मुख्यतः उभ्या पिकाची आणि झाडांची होती. २०१५ मध्ये केंद्र शासनाच्या मार्गदर्शक तत्त्वांनी मनोऱ्याखालील जमिनीच्या मूल्याच्या ८५ टक्के आणि तारांखालील पट्ट्यासाठी १५ टक्क्यांपर्यंत भरपाई सुचवली. जून २०२४ मध्ये हे प्रमाण अनुक्रमे २०० टक्के आणि ३० टक्के करण्यात आले. नऊ वर्षांत झालेली ही वाढ म्हणजे एका अबोल पक्षाला संहितेत उशिरा मिळालेली जागा होय. ती जागाही अजून आकड्याचीच आहे. तारेखाली बांधकाम करता येत नाही, उंच झाड लावता येत नाही. पिढ्यान्‌पिढ्या टिकणारी ही मर्यादा एकरकमी भरपाईत कशी मांडायची, हा प्रश्न शिल्लक राहतो.

आणि माणसाखेरीज आणखीही एक पक्ष आहे. थरच्या वाळवंटात भडला येथे २,२४५ मेगावॅटचे सौर उद्यान उभे राहिले. त्याच गवताळ-वाळवंटी मुलखात माळढोक पक्ष्याचे उरलेसुरले वास्तव्य आहे. समोरचे नीट न दिसणारा हा जडदेही पक्षी तारांवर आदळून मरतो. एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या अधिवासात तारा भूमिगत करण्याचे निर्देश दिले. मार्च २०२४ मध्ये हे निर्देश बदलून तज्ज्ञ समिती नेमताना न्यायालयाने हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्कही मान्य केला. दोन्ही बाजूंना पर्यावरणच होते. सोलापूरजवळच्या नान्नजला माळढोकासाठी अभयारण्य असल्याने मराठी वाचकाला हा पक्षी परका नाही. तो नाहीसा होणे म्हणजे काय, हेही त्याला ठाऊक आहे. 'ओसाड जमीन' हा नियोजनाच्या नकाशावरील शब्द ज्या माळाला लावला जातो, त्याला 'माळ' म्हणणाऱ्या भाषेत तो ओसाड नसतो. गुराखी, मेंढपाळ आणि पक्षी यांची नावे त्या शब्दाला चिकटलेली असतात.

(८)

या विवेचनातून हाती काय येते? केंद्र आणि वाहिनी यांच्या क्रमाला कोणतेही एक शाश्वत उत्तर नाही, हे इतिहासावरून दिसते. कराराच्या काळात दोन्ही एकत्र आली, कारण ग्राहक ठरलेला होता. योजनेच्या काळात दोन्ही एकत्र आली, कारण मालक एकच होता. अर्जाच्या काळात ती दुरावली, कारण शंका कोणी आणि किती वाहायची हे स्पष्ट नव्हते. आज वाहिनीने पुढे जावे हे मान्य झाले आहे आणि ते योग्यही आहे : जलद उभ्या राहणाऱ्या केंद्रांच्या युगात थांबून पाहण्याची किंमत बहुधा रिकाम्या वाहिनीच्या किमतीहून जास्त पडते. सर्वांसाठी वाहिनी म्हटली, की तिचा खर्च सर्वांवर विभागणेही ओघाने येते.

मात्र पुढे जाणाऱ्या वाहिनीबरोबर एक विषमता येते, तिची नोंद घेतली पाहिजे. तिचा लाभ घेणारा केंद्रचालक अजून अज्ञात असतो. तिची झळ सोसणारा शेतकरी किंवा मेंढपाळ मात्र पहिल्या दिवसापासून ज्ञात असतो, गट क्रमांकासह. लाभ भविष्यकाळात, झळ वर्तमानकाळात. करार स्वार्थात लिहिला गेला, योजना विध्यर्थात, अर्ज संकेतार्थात, आणि आजचे आराखडे पुन्हा भविष्यकाळी स्वार्थात. चौथा अर्थ, आज्ञार्थ, मात्र यांपैकी कोणत्याही दस्तऐवजात ठळकपणे दिसत नाही. तो गावच्या चावडीवर लागणाऱ्या नोटिशीत असतो, आणि तेथे तो चारही टप्प्यांत सारखाच राहिला.

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाने या क्षेत्रात शिरण्याचे कारण हेच आहे. मुळशीचा सत्याग्रह मराठीत बोलला गेला, म्हणून त्याची स्मृती राहिली. कोलारच्या वाटेवरील कन्नड गावे, सिंगरौलीचे विस्थापित, थरमधील ओरणांचे राखणदार यांनी आपापल्या भाषांत जे म्हटले आहे ते गोळा करून, भाषांतरित करून, नियोजनाच्या इंग्रजी संहितांशेजारी ठेवून वाचण्याचे काम अद्याप फारसे झालेले नाही. देशाची वारंवारिता २०१३ पासून एक आहे. त्या तारांखालच्या भाषांचे वाचन एकत्र करणे हे काम ग्रिडच्या अभियंत्यांचे नाही. ते आपले आहे, आणि पुढील वाहिन्या आखल्या जात असतानाच ते सुरू व्हावयास हवे.